संगमरवरावरील डागांची कैफियत



हडपसरसारख्या ठिकाणी उभे राहून संगमरवराविषयी बोलणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल, याची मला जाणीव आहे. आपल्या पायांखालचा हा सारा मुलूख काळ्या पाषाणाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थर एकावर एक साचून जो फत्तर निर्माण झाला, त्याच्यातच आपली लेणी कोरली गेली, त्याच्याच चिऱ्यांनी आपले गडकोट आणि नदीकाठचे घाट बांधले गेले, आणि येथून जवळच, वानवडीस, महादजी शिंद्यांच्या छत्रीतील शिवालयाचा गाभाराही त्याच पाषाणाचा आहे. संगमरवर या भूमीचा नव्हे. महाराष्ट्रात तो जेथे जेथे दिसतो तेथे तेथे तो दुरून, मोठ्या खर्चाने आणि कोणाच्या तरी आग्रहाने आणलेला आहे. आणि म्हणूनच की काय, त्याच्या अंगावर पडणाऱ्या डागांचा शास्त्रीय विचार आपण फारसा केलेला नाही. काळ्या दगडावर काजळी बसली तर ती नजरेस येत नाही; पांढऱ्या दगडावर मात्र तीच काजळी फिर्याद होऊन उभी राहते. ही फिर्याद कोणाविरुद्ध आहे, तिचा पुरावा कोठे शोधावयाचा आणि निवाडा होईपर्यंत दगडाला कोणी हात लावू नये, एवढाच आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो. जुन्या शुभ्र वास्तूचा रंग बदललेला दिसताच ती घासूनपुसून पूर्ववत करण्याचा जो उत्साह आपल्याला येतो, तो त्या वास्तूच्या हिताचा नसतो. रंग बदलला म्हणजे नेमके कोणते द्रव्य कोठून आले, किंवा दगडातील कोणत्या द्रव्याचे काय झाले, हे कळल्यावाचून तिच्यावर उपचार करण्याचा अधिकार कोणालाही नाही. मग तो देणगीदार असो, अंमलदार असो, की स्वतः रसायनज्ञ असो.

प्रथम ही शुभ्रता येते कोठून ते पाहू. चुनखडीचा दगड पृथ्वीच्या पोटात दाब आणि उष्णता सोसून पुन्हा स्फटिकरूप पावला की त्याचा संगमरवर होतो. रासायनिक दृष्टीने तो बव्हंशी कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्या स्फटिकाचे खनिजनाम कॅल्साइट. राजस्थानातील मकराण्याचा दगड या बाबतीत फार शुद्ध मानला जातो. कॅल्साइटचे कण स्वतः रंगहीन आणि जवळजवळ पारदर्शक असतात. त्यामुळे प्रकाशकिरण संगमरवराच्या पृष्ठभागावरूनच माघारी न फिरता काही अंतर आत शिरतात, असंख्य कणांच्या सीमांवर आदळून विखुरतात आणि मग बाहेर येतात. पहाटेच्या किंवा चांदण्याच्या मंद उजेडात हा दगड आतून उजळल्यासारखा दिसतो त्याचे कारण हेच. परंतु त्याच्या सौंदर्याचे जे कारण, तेच त्याच्या दौर्बल्याचेही आहे. पृष्ठभागावर प्रकाश शोषणाऱ्या द्रव्याचा अत्यंत पातळ थर जरी बसला, तरी किरणांना आत जाताना एकदा आणि बाहेर येताना पुन्हा एकदा त्याच थरातून जावे लागते, आणि दोन्ही वेळा त्यांची काही लूट होते. शिवाय कॅल्साइट हा आम्लाचा जन्मजात बळी आहे. दौर्बल्याची ही दोन कारणे ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सारा विषय सुगम होतो.

महाराष्ट्रातील या पाषाणाचा सर्वांत ठळक दाखला छत्रपती संभाजीनगरच्या बीबी का मकबऱ्याचा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ साली निवर्तली. तिच्या मागे उभारलेल्या या कबरीशी शाहजादा आझमशहाचे नाव जोडले जाते, आणि दरवाजावरील लेखात अताउल्ला व हंसपतराय या दोन कारागीर-स्थपतींची नोंद आहे. तावर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने सुरतेहून गोवळकोंड्याकडे जात असता संगमरवर लादलेल्या सुमारे ३०० गाड्या वाटेत पाहिल्याचे लिहून ठेवले असून, त्यांतील लहानात लहान गाडीलाही १२ बैल जुंपलेले होते, असे तो सांगतो. गुलाम मुस्तफाच्या तवारिखेत या इमारतीचा खर्च ६,६८,२०३ रुपये ७ आणे असा नमूद आहे. लाखांच्या हिशेबात सात आण्यांचाही विसर न पडू देणाऱ्या त्या दफ्तराविषयी मला नितांत आदर वाटतो. खर्चाच्या या मर्यादेमुळे संगमरवर दोनच ठिकाणी वापरला गेला: भिंतीच्या खालच्या भागात कमरेइतक्या उंचीपर्यंत, आणि अगदी वर, घुमटाला. मधला सारा भाग आपल्या काळ्या फत्तराचा, आणि त्यावर चुन्याचा घोटीव गिलावा. या काटकसरीवरून लोक मकबऱ्याला हिणवतात, त्याला ताजमहालाची गरीब नक्कल म्हणतात. मला हे अन्यायाचे वाटते. एकाच आकाशाखाली, एकाच पावसात आणि एकाच धुळीत संगमरवर, चुना आणि फत्तर ही तीन द्रव्ये साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ शेजारी शेजारी उभी आहेत, आणि प्रत्येकाने काळाला वेगळे उत्तर दिले आहे; डागांच्या अभ्यासकाला यापेक्षा उत्तम प्रयोगशाळा कोणी बांधून दिली असती?

मकबऱ्यासारख्या इमारतीवर काळेपणा दिसला की सामान्यतः ‘प्रदूषण’ असा एकच शब्द उच्चारून चौकशी संपविली जाते. वास्तविक काळेपणा दोन अगदी भिन्न जातींचा असतो, आणि त्यांतील भेद ओळखण्यास प्रथमतः कोणतेही उपकरण लागत नाही. पाणी कोठून वाहते हे पाहणारे डोळे लागतात. पहिल्या जातीचा काळेपणा पाणी जेथे पोहोचत नाही तेथे जमतो, म्हणजे छज्जांच्या पोटाखाली, कंगोऱ्यांच्या आडोशाला, नक्षीच्या खोबणीत. कोळसा आणि गंधकयुक्त तेल जळाले की निघणारा सल्फर डायऑक्साइड दमट पृष्ठभागावर कॅल्साइटशी संयोग पावतो आणि त्याचे जिप्सम बनते. या जिप्समला मूळच्या कॅल्साइटपेक्षा जवळजवळ दुप्पट जागा लागते, म्हणून तो थर फुगतो आणि कालांतराने पोपडे धरतो. आणि तो वाढत असताना हवेतील काजळीचे कण आपल्या स्फटिकांत अडकवून घेतो. एका लिटर पाण्यात सुमारे अडीच ग्रॅम जिप्सम विरघळते, तर शुद्ध पाण्यात कॅल्साइट काही मिलिग्रॅमच विरघळते. यास्तव पावसाच्या माऱ्यातील भागावरचे जिप्सम दरवर्षी धुऊन जाते, तो भाग स्वच्छ दिसतो. पण त्या स्वच्छतेचे मोल म्हणून दगडाची त्वचा दर पावसाळ्यात थोडी थोडी झिजलेली असते. काळा भाग रोगी आणि पांढरा भाग निरोगी, ही आपली समजूत येथे साफ चुकते.

दुसऱ्या जातीचा काळेपणा नेमका उलट ठिकाणी, पाण्याच्या वाटेवर, वरून खाली उतरणाऱ्या ओघळांच्या रूपाने दिसतो, आणि तो सजीव असतो. सूक्ष्म नीलहरित जीवाणू, शैवाल, बुरशी आणि दगडफूल यांच्या वसाहती पावसाळ्यात भरभराटतात. उन्हाळ्यात त्या मरत नाहीत, तर कडक उन्हापासून बचाव करणारी गडद रंगद्रव्ये धारण करून निपचित पडून राहतात, आणि तेच आपल्याला काळे पट्टे म्हणून दिसते. मराठवाड्याच्या आठ महिन्यांच्या कोरड्या उन्हात असे काही जगत असेल हे खरे वाटत नाही, पण चुन्याचा गिलावा आणि जुना संगमरवर ओल धरून ठेवतात आणि तेवढ्यावर या जीवांचे भागते. अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील जेफर्सन स्मारकाच्या घुमटावर २००६ च्या सुमारास असाच काळिमा प्रथम ध्यानात आला. तेथेही तो धुराचा नसून सजीवांच्या पातळ थराचा असल्याचे निष्पन्न झाले आणि पुढे अनेक पर्याय तपासून लेसर किरणांनी तो काढण्याचे ठरले. आता कल्पना करा की पहिल्या जातीच्या काळेपणावर जीवाणुनाशक फवारले, किंवा दुसऱ्या जातीच्या काळेपणावर विरंजक चूर्ण ओतले. पहिल्या ठिकाणी काहीच होणार नाही. दुसऱ्या ठिकाणी चार दिवस इमारत लखलखीत दिसेल, क्लोराइड क्षार दगडाच्या रंध्रांत शिरतील, स्फटिक होऊन आतून दगड फोडतील, आणि पुढल्या पावसाळ्यात त्या खरबरीत झालेल्या पृष्ठावर वसाहती पूर्वीपेक्षा अधिक जोमाने वाढतील. येथे खरा उपाय बहुधा वरच्या फुटलेल्या पन्हळीची दुरुस्ती हा असतो, आणि तो गवंड्याच्या हातचा आहे.

पिवळेपणाचा प्रश्न याहून सूक्ष्म, आणि त्याची हकीकत आग्र्याच्या ताजमहालाच्या निमित्ताने पन्नास वर्षे चाललेली आहे. मथुरेच्या तेलशुद्धी कारखान्याची योजना पुढे आली तेव्हा डॉ. एस. वरदराजन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमण्यात आली आणि तिने १९७७ साली अहवाल दिला. पुढे महेशचंद्र मेहता यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने ३० डिसेंबर १९९६ रोजी प्रसिद्ध निकाल दिला: ताजमहालाभोवतीच्या सुमारे १०,४०० चौरस किलोमीटरच्या टापूतील २९२ कारखान्यांनी कोळसा सोडून नैसर्गिक वायू वापरावा, अन्यथा स्थलांतर करावे. या साऱ्या काळात मुख्य आरोपी सल्फर डायऑक्साइड होता, आणि त्याच्यावरील आरोप खोटा नव्हता. तरीही पिवळेपणा हटेना. तेव्हा कानपूरचे भारतीय तंत्रज्ञान संस्थान, पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग आणि अमेरिकेतील जॉर्जिया टेक यांच्या शास्त्रज्ञांनी मिळून नोव्हेंबर २०११ ते जून २०१२ या काळात एक साधे पण फार बुद्धिमान काम केले. त्यांनी ताजमहालाच्या परिसरातील हवा गाळण्यांतून ओढून तिच्यातील कण जमविले, आणि त्याबरोबरच संगमरवराचे छोटे स्वच्छ तुकडे प्रत्यक्ष त्या वास्तूवर ठेवून त्यांच्यावर काय बसते ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. २०१४ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे रंगबदलाला तीन द्रव्ये जबाबदार ठरली: काजळी, जैव पदार्थांच्या अर्धवट ज्वलनातून निघणारा तपकिरी कार्बन, आणि धूळ. काजळी सर्व रंगांचा प्रकाश सारखाच शोषते, म्हणून ती दगड करडा करते. तपकिरी कार्बन आणि धूळ निळा प्रकाश अधिक शोषतात, म्हणून परतणाऱ्या प्रकाशात पिवळी-तपकिरी छटा उरते. त्यांनी कणांच्या राशीवरून पृष्ठभागाच्या रंगाचे गणित मांडले आणि ते डोळ्यांना दिसणाऱ्या छटेशी जुळले.

या निष्कर्षाचे महत्त्व आपल्या ध्यानात यावे म्हणून त्याच्यावर थोडे थांबतो. तपकिरी कार्बन मोठ्या धुराड्यांतून फारसा येत नाही. तो येतो शेणीच्या आणि लाकडाच्या चुलीतून, शेतात पेटविलेल्या पाचटातून, रस्त्याच्या कडेला सकाळी झाडून गोळा केलेल्या आणि काडी लावलेल्या पाल्यापाचोळ्यातून, प्लॅस्टिकसह जळणाऱ्या नगराच्या कचऱ्यातून. म्हणजे न्यायालयाच्या कठड्यात उभा करता येईल असा एखादा कारखानदार येथे नाही. येथे आपण सर्व आहोत. त्यानंतर २०१६ च्या सुमारास ताजमहालाच्या यमुनेकडील भिंतीवर हिरवे ठिपके दिसू लागले, आणि त्यांचे कारण निघाले नदीच्या सडलेल्या पाण्यात वाढणाऱ्या बारीक किड्यांची विष्ठा. मे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही वास्तू आधी पिवळी पडत होती, आता तपकिरी आणि हिरवी होत आहे, अशा शब्दांत चिंता व्यक्त केली. विचार केल्यास या रंगांचे उगम निरनिराळ्या ठिकाणी आहेत, आणि त्यांतील एकही त्या इमारतीत नाही.

आता या विषयातील मोठ्या धोक्याकडे वळतो. पिवळा किंवा तपकिरी थर दिसला म्हणजे तो काढलाच पाहिजे, असे नाही. अथेन्सच्या पार्थेनॉनवरील पिवळसर त्वचेचा नमुना युस्टुस फॉन लीबिग या थोर जर्मन रसायनज्ञाने १८५३ साली तपासला आणि तिच्यात कॅल्शियम ऑक्झलेट असल्याचे दाखविले. हे द्रव्य दगडफुलांनी स्रवलेल्या आम्लातून बनते, की प्राचीन काळी दिलेल्या दुधातेलासारख्या सेंद्रिय लेपांच्या विघटनातून, याविषयी विद्वानांत दीर्घ काळ वाद झाला. कदाचित दोन्ही खरे असेल. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे की, ऑक्झलेटचा हा थर आम्लाला कॅल्साइटइतकी सहजी दाद देत नाही आणि खालच्या दगडाचे रक्षण करतो. त्याच पार्थेनॉनची लंडनला नेलेली शिल्पे १९३७-३८ साली ब्रिटिश म्युझियममध्ये, लॉर्ड ड्यूवीन यांच्या देणगीतून बांधलेल्या नव्या दालनासाठी, अधिक पांढरी दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी आणि कार्बोरंडमने घासण्यात आली. चोवीस शतके टिकलेली त्वचा, आणि तिच्याबरोबर मूळ शिल्पकाराच्या छिन्नीच्या काही सूक्ष्म खुणा, देणगीदाराच्या रुचीखातर नाहीशा झाल्या. ही हानी भरून काढण्याचा उपाय कोणत्याही शास्त्रात नाही. आपल्याकडेही निजामाच्या अमलात, १९२० नंतरच्या काळात, अजिंठ्याच्या चित्रांवर इटालियन तज्ज्ञांनी सद्हेतूने लाखेचा लेप दिला. तो पुढे पिवळा पडला, आणि त्याला सावकाश उतरविण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांच्या कित्येक पिढ्या खर्ची पडल्या. अजिंठा संगमरवराचा नाही हे खरे, पण उपचारच डाग कसा होतो याचे इतके बोलके उदाहरण महाराष्ट्रात दुसरे नाही.

पुणे जिल्ह्याशी निगडित अशी एक हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण तिच्याशिवाय संगमरवराच्या डागांचा आपला इतिहास अपुरा राहील. मुंबईत व्हिक्टोरिया राणीचा भव्य संगमरवरी पुतळा होता. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या द्रव्याने मॅथ्यू नोबल या शिल्पकाराने तो घडविला आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले. चिंचवडच्या चापेकर बंधूंनी १८९६ साली त्याला डांबर फासले आणि जोड्यांची माळ घातली. दामोदर चापेकरांनी कैदेत लिहिलेल्या आत्मवृत्तात त्याची हकीकत आहे. डांबर हे संगमरवराच्या बाबतीत फार कठीण द्रव्य. त्यातील तैलांश कणाकणांच्या सीमांतून आत झिरपतो, घासावे तर पसरतो, द्रावक ओतावे तर पातळ होऊन अधिक खोल जातो, आणि आम्लाला तो जुमानत नाही, पण दगड मात्र आम्लाने जातो. हा डाग शेवटी निघाला तो प्रोफेसर त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या हातून. सुरतेत जन्मलेल्या, बडोद्याच्या कलाभवनाचा पाया घालणाऱ्या आणि मुंबईत स्वतःची रसायनशाळा चालविणाऱ्या या हिंदी रसायनज्ञाने पुतळ्याला पूर्वीचा वर्ण आणून दिला, आणि त्यांची कीर्ती देशाबाहेर गेली. डांबर फासणाऱ्यांचा देशाभिमान आणि ते उतरविणाऱ्याची विद्या या दोहोंना मी मस्तक नमवितो. एकाने परकीय सत्तेला आव्हान दिले, दुसऱ्याने हिंदी माणसाला रसायनशास्त्र साधत नाही या समजुतीला. तो पुतळा आज भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. त्याच्याकडे पाहताना डाग हाही इतिहासाचा मजकूर असू शकतो, आणि तो पुसण्यापूर्वी निदान त्याची नक्कल करून ठेवणे आपले कर्तव्य आहे, असे मला प्रकर्षाने वाटते.

मकबरे आणि पुतळे सोडून आपल्या देवळांकडे येऊ. गेल्या साठसत्तर वर्षांत महाराष्ट्रातील असंख्य मंदिरांत संगमरवरी फरशी, चौथरे आणि मूर्ती आल्या, आणि त्यांच्यावरील डाग बव्हंशी श्रद्धेचेच आहेत: हळद, कुंकू, तेल, झेंडूच्या पाकळ्यांचा रस, समईची काजळी. हळदीतील रंगद्रव्य अल्कलीच्या संयोगाने लाल होते. हळदीला चुन्याचा संस्कार देऊन कुंकू करण्याची आपली जुनी रीत याच रसायनावर आधारलेली आहे. म्हणून हळदीचा डाग धुण्याच्या सोड्याने घासला की तो तांबडा होतो, पुजारी घाबरतो, आणि मग चिंच किंवा लिंबू घेऊन बसतो, कारण देव्हाऱ्यातील पितळेची उपकरणी त्यानेच उजळतात हे त्याला ठाऊक असते. पितळेला जे औषध, तेच संगमरवराला विष. चिंचेतील आणि लिंबातील आम्ल कॅल्साइट विरघळवते. पृष्ठावरची झिलई जाते, दगड खरबरीत होतो, आणि पुढच्या वेळी हळद अधिक खोल जाते. फरशी बसविणारे कित्येकदा शौचालय धुण्याचे तीव्र ॲसिडच वापरतात, त्याविषयी तर बोलावयासच नको. वस्तुतः हळदीचे हे रंगद्रव्य सूर्यप्रकाशाला फार नाजूक असते. डाग उन्हात राहील अशी व्यवस्था करता आली तर बहुतेक वेळा तो आपोआप फिका पडतो. लोखंडी खिळे आणि पाचर यांपासून येणारा गंजाचा तपकिरी ओघळ मात्र याला अपवाद. तेथे वरचा डाग काढण्याला अर्थ नाही, कारण आत गंजणारे लोखंड कित्येक पटींनी फुगून दगडालाच तडा देत असते.

तपासणीची साधने आता फार प्रगत झाली आहेत. साखरेच्या कणाहून लहान नमुना राळेत बसवून, आडवा कापून, घोटून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की थरावर थर असा वास्तूचा सारा वृत्तांत दिसतो. क्ष-किरणांच्या विवर्तनाने जिप्सम, ऑक्झलेट आणि क्वार्ट्झ वेगळे ओळखता येतात. अवरक्त किरणांच्या वर्णपटाने तेल, मेण किंवा लाख कळते. आणि क्ष-किरण प्रतिदीप्तीची हातात धरता येणारी यंत्रे तर नमुना न काढताच लोह, शिसे वा तांबे दाखवितात. या शास्त्राची परंपरा आपल्या देशात शतकाहून जुनी आहे. पुरातत्त्व खात्यात रसायनज्ञाची जागा १९१७ साली निर्माण झाली, मोहम्मद सना उल्लाह यांनी ती प्रथम भूषविली, पुढे डेहराडून हे या शाखेचे मुख्य ठाणे झाले, आणि तिचे एक कार्यालय संभाजीनगरातही आहे. ताजमहालावर १९९४ पासून अनेकदा दिलेला मुलतानी मातीचा लेप हे याच शाखेचे काम. आपल्या घरांतून दिवाळीच्या अभ्यंगाला उटणे लावतात, तसाच हा लेप सुमारे दोन मिलिमीटर जाडीने लावून वाळू देतात. मातीचे अतिसूक्ष्म पापुद्रे दगडावरील चिकट मळ स्वतःकडे ओढून घेतात आणि शेवटी शुद्ध पाण्याने तो धुतात. आम्ल आणि कुंचल्यापेक्षा ही रीत निःसंशय सौम्य आहे. पण सौम्य उपचारही वारंवार करावा लागला तर दगडाला त्याची झीज सोसावी लागतेच, आणि मळ येण्याची वाट उघडी असेपर्यंत तो वारंवार करावा लागणारच.

ती वाट आपल्या दारावरून जाते, म्हणून शेवटी हडपसरकडे येतो. मुळा-मुठेच्या पलीकडे, नगर रस्त्यावर, आगाखान पॅलेसच्या आवारात महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांच्या समाध्या आहेत. महादेवभाई १५ ऑगस्ट १९४२ रोजी आणि कस्तुरबा २२ फेब्रुवारी १९४४ रोजी तेथेच, बंदिवासात, निवर्तले. पुण्याच्या परिसरात याहून पूज्य संगमरवर मला माहीत नाही. त्या समाध्यांच्या एका अंगाला नगर रस्त्याची वाहतूक आहे, दुसऱ्या अंगाला नदी आहे, आणि नदीच्या या बाजूला आपले गाव: सोलापूर रस्त्याची अखंड रहदारी, बांधकामांची धूळ, आणि दक्षिणेला उरुळी देवाची व फुरसुंगी, जेथे पुणे शहराने वर्षानुवर्षे आपला कचरा नेऊन टाकला, जेथे तो वारंवार पेटला आणि जेथील रहिवाशांनी त्याविरुद्ध पुनःपुन्हा आंदोलने केली. त्या लोकांच्या फुप्फुसांचा प्रश्न कोणत्याही दगडापेक्षा आधीचा आहे, याविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. परंतु फुप्फुसात काय साचले ते उघड्या डोळ्यांनी दाखविता येत नाही. संगमरवराच्या तुकड्यावर काय साचले ते दाखविता येते, मोजता येते आणि महापालिकेच्या सभेत टेबलावर ठेवता येते.

म्हणून या व्याख्यानमालेच्या चालकांपुढे आणि येथील महाविद्यालयांच्या रसायनशास्त्र विभागांपुढे मी एक तजवीज ठेवतो. मकराण्याच्या एकाच लादीतून समान आकाराचे तुकडे कापून घ्यावेत. हडपसरच्या गाडीतळावर, मगरपट्ट्यात, उरुळी देवाची आणि फुरसुंगी येथे, आणि पुरातत्त्व खात्याची रीतसर परवानगी मिळाल्यास आगाखान पॅलेसच्या आवारात, प्रत्येक ठिकाणी चार तुकडे ठेवावेत: दोन आडवे आणि दोन उभे, आणि त्यांतील प्रत्येकी एक उघड्यावर तर एक आडोशाला, म्हणजे पावसाने धुतले जाणारे आणि न धुतले जाणारे यांतील फरक कळेल. एक संच बंद पेटीत, अंधारात, तुलनेसाठी जपून ठेवावा. दर महिन्याच्या एका ठराविक तारखेस रंगमापकाने प्रत्येक तुकड्याचा उजळपणा आणि पिवळेपणा मोजून नोंदवावा, आणि त्याच वहीत त्या महिन्यात कोठे कचरा पेटला, किती वाजता, आणि वारा कोणत्या दिशेचा होता, हेही लिहावे. हे दुसरे काम करण्यास शाळेतील मुलेही पुरेशी आहेत, आणि ती ते आपल्यापेक्षा अधिक चोख करतील. पावसाळा ओसरताच, ऑक्टोबरात, तुकडे मांडले तर मे अखेरपर्यंतचा कोरडा काळ सलग हाती लागेल, आणि जूनच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच घेतलेले मोजमाप सांगेल की यातील किती मळ नुसता बसला होता आणि किती दगडात मुरला.